ट्रॉली मागे घेणे आणि स्पिटफायर उतरवणे : शेपटीच्या चाकाची लढाऊ विमाने जमिनीवर कशी सांभाळावीत

रविवारी सकाळी माझ्याकडे सिम्युलेटर शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये एक गोष्ट हटकून सारखी आढळते. दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान हवेत फिरवणे त्यांना आठवडाभरात जमते, शत्रूच्या पाठीमागे लागणेही जमते. परंतु तेच विमान परत आणून, धावपट्टीवर टेकवून सरळ रेषेत थांबवून दाखव म्हटले, की ते बहुतेक वेळा कडेच्या गवतात पंखावर कलंडलेले दिसते. आपले टेकवणे चुकले, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात टेकवणे पुष्कळदा ठीक असते. चूक त्यानंतरच्या पंधरा सेकंदांत किंवा त्याआधीच्या एका मिनिटात झालेली असते. हे टिपण त्या सव्वा मिनिटासाठी, आणि इंजिन सुरू केल्यापासून धावपट्टीच्या टोकापर्यंत पोहोचण्याच्या तितक्याच निसरड्या प्रवासासाठी आहे. पुढील सूचना सिम्युलेटरवर बसणाऱ्यासाठी लिहिल्या असल्या, तरी त्यांची कारणे खऱ्या विमानांच्या रचनेतूनच आलेली आहेत.

वजन चाकांच्या मागे असणे म्हणजे काय

गळिताच्या हंगामात ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत नेणारा ट्रॅक्टर कोल्हापूरच्या माणसाला नवा नाही. पुढे जाताना त्या ट्रॉल्या आपोआप ट्रॅक्टरच्या मागे सरळ येतात, कारण ओढणारी जागा पुढे असते आणि वजन मागून फरफटत येते. तोच ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात मागे घ्यायचा झाला, की चालकाच्या कपाळाला घाम येतो. ट्रॉली मागून ढकलली जात असल्यामुळे ती किंचित तिरकी झाली तरी तो तिरकेपणा स्वतःहून वाढत जातो, आणि एका मर्यादेनंतर स्टेअरिंग कितीही फिरवले तरी ती सरळ होत नाही. आमच्या भावकीतले एक जुने चालक नव्या पोरांना सांगत असत, “ट्रॉली वळल्यावर स्टेअरिंग फिरवलंस तर उशीर झाला, भावा. ती वळायच्या बेतात असतानाच फिरवायचं.” शेपटीच्या चाकाचे विमान उतरवण्याविषयी याहून नेमके वाक्य मला अजून कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.

आजच्या प्रवासी विमानाला नाकाखाली एक चाक असते आणि मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या मागे असतात. असे विमान तिरके टेकले तरी पुढचे वजन स्वतःच्या वेगाने सरळ जात राहते आणि मागच्या चाकांना आपल्यामागे ओढून घेते. म्हणजे ही पुढे जाणारी ट्रॉली झाली. स्पिटफायर, हरिकेन, मस्टँग, मेसरश्मिट 109 या विमानांत मुख्य चाके पुढे आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे असतो. चाके जमिनीला घासून मागे ओढतात आणि वजन पाठीमागून पुढे ढकलते. म्हणजे ही मागे घेतलेली ट्रॉली झाली. नाक दोन अंश डावीकडे गेले, की मागचे वजन उजवीकडून पुढे येऊ पाहते, त्यामुळे नाक आणखी डावीकडे जाते, आणि हे चक्र प्रत्येक क्षणाला अधिक जोर धरते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. विमान डावीकडे गिरकी घेऊ लागले, की उजवा पंख खाली जातो, उजव्या चाकाच्या दांड्यावर, म्हणजे विमानाच्या पायावर, आडवा भार येतो, आणि हे पाय उभा भार झेलण्यासाठी बनवलेले असल्यामुळे ते आतल्या बाजूला दुमडतात. त्यानंतर पंखाचे टोक आणि नाकावरच्या पंख्याची (प्रोपेलरची) पाती जमिनीला लागतात. पाती लागली, की खऱ्या विमानाचे इंजिन त्या धक्क्यासाठी उघडून तपासावे लागते. सिम्युलेटरमध्ये एक बटण दाबून आपण नवे विमान घेतो, आणि म्हणूनच आपल्याला ही शिस्त उशिरा लागते.

दोन चाकांमधले अंतर येथे महत्त्वाचे ठरते, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. अंतर कमी असल्याने गिरकी सुरू होत नाही. सुरू झालेल्या गिरकीत विमान लवकर कलंडते, एवढेच. स्पिटफायरचे पाय पंखात बाहेरच्या बाजूला मिटतात, त्यामुळे ते धडाजवळ बसवलेले आहेत आणि दोन चाकांत जेमतेम पावणेदोन मीटरचे अंतर राहते. हरिकेनचे पाय आतल्या बाजूला मिटत असल्याने ते दूर बसवता आले, आणि खडबडीत मैदानावर हरिकेन अधिक शांत वाटे ते यामुळेच. मस्टँगमध्ये हे अंतर साडेतीन मीटरहून अधिक आहे. मेसरश्मिट 109 चे पाय पंखांना न जोडता धडाला जोडलेले आणि खाली बाहेर फाकलेले आहेत. पंख काढून ठेवले तरी विमान स्वतःच्या चाकांवर उभे राहावे, ही कारखान्याची आणि दुरुस्तीची सोय त्यामागे होती, आणि तिची किंमत वैमानिकाने धावपट्टीवर मोजली. दिल्लीला जाणे झाले, तर पालम येथील वायुसेना संग्रहालयात स्पिटफायर आणि हरिकेन ही दोन्ही विमाने समोरून, गुडघ्यावर बसून पाहावीत. चाकांमधल्या अंतराचा हा फरक चित्रांतून कळत नाही, तेथे तो एका नजरेत कळतो.

आधी पायांची सोय

या विमानांचे जमिनीवरचे सारे काम पायांनी होते. स्टिक पिळून रडर (शेपटीवरची, नाक डावीउजवीकडे वळवणारी उभी पट्टी) हलवण्याची सोय असलेल्या जॉयस्टिकवर हवेत निभावते, उतरताना निभावत नाही. विकतचे रडर पेडल महाग वाटत असतील, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कोणाकडूनही साधी सांगाडेवजा जोडी करून घेता येते. सांध्याला बेअरिंग आणि फिरण्याचे माप घेणारा चुंबकीय सेन्सर एवढेच त्यात लागते. माझी पहिली जोडी शहाबादी फरशीवर ठेवली होती आणि ऐन उतरण्याच्या क्षणी ती पायांपुढून भिंतीपर्यंत सरकत गेली. तेव्हापासून पेडल आणि खुर्ची एकाच फळीवर आवळून बसवावीत, असे मी प्रत्येकाला सांगतो. चप्पल काढून बसावे. जाड तळाच्या कोल्हापुरीतून पेडलचा अर्धा सेंटिमीटर कळत नाही, आणि येथे कामच अर्ध्या सेंटिमीटरचे आहे.

सिम्युलेटरच्या मांडणीत तीन गोष्टी पाहाव्यात. रडर आपोआप देणारी आणि उड्डाणाला मदत करणारी सोय बंद करावी. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये या दोन्ही विमानाच्या विशेष पर्यायांत असतात, तर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये साहाय्याच्या यादीत शोधाव्यात. त्या चालू असताना तुम्ही एक चूक करता आणि यंत्र दुसरी करते, मग शिकायचे कोणाकडून हा प्रश्न उरतो. दुसरे असे, की ब्रेक कधीही बटणावर ठेवू नये, कमीजास्त दाबता येईल अशा पट्टीवर किंवा पेडलच्या टोकावर ठेवावा. स्पिटफायरचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. स्टिकच्या कड्यावर एक तरफ असते, ती दाबल्यावर दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, आणि त्याच वेळी ज्या बाजूचे पेडल दाबलेले असेल त्या चाकाला तो अधिक लागतो. बटणावर ठेवलेला ब्रेक एकदम पूर्ण लागतो आणि स्पिटफायर नाकावर उभे राहते. मी हे पहिल्याच दिवशी करून पाहिले आहे. तिसरी गोष्ट नजरेची. एकाच पडद्यावर खेळणाऱ्याने दृष्टिक्षेत्र रुंद करावे, म्हणजे धावपट्टीच्या दोन्ही कडा नाकाच्या दोन बाजूंना थोड्या तरी दिसतील. हवाई लढाईसाठी जवळ ओढलेले दृश्य तसेच ठेवून उतरायला जाणे म्हणजे डोळ्यांना झापड बांधलेल्या बैलाने वाट शोधण्यासारखे आहे.

धावपट्टीपर्यंतचा प्रवास

इंजिन सुरू करण्याच्या क्रमात येथे शिरत नाही, कारण तो प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत असतो. ध्यानात ठेवायचे ते तापमान. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात शीतक 60 अंश सेल्सिअस आणि तेल 15 अंशांपर्यंत येईतो उड्डाणाची शक्ती मागायची नाही, आणि एकदा ते झाले की घुटमळायचेही नाही. पंखाखालचा रेडिएटर खाली आलेल्या पायाच्या मागे येतो, त्यामुळे जमिनीवर त्याला वारा मिळत नाही. कोल्हापूरच्या एप्रिलमधल्या दुपारी, बाहेर 35 ते 38 अंश असताना, काटा किती भरभर चढतो हे पाहण्यासारखे आहे. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वीच धावपट्टीकडे जाण्याचा मार्ग ठरवून ठेवावा, नकाशे आणि रेडिओ लावून घ्यावे, आणि वाटेत थांबावे लागलेच तर नाक वाऱ्याकडे करून थांबावे.

बसल्या जागेवरून पुढचे काहीच दिसत नाही. शेपटी जमिनीवर असताना लांब नाक आकाशाकडे रोखलेले असते, आणि समोर उभा असलेला माणूस, गाडी किंवा दुसरे विमान त्याआड सहज लपते. यावर उपाय म्हणजे नागमोडी चालणे: नाक थोडे डावीकडे नेऊन उजव्या बाजूने पुढे पाहावे, मग उजवीकडे नेऊन डाव्या बाजूने पाहावे. हे वळण घेताना ट्रॉलीचा नियम पहिल्यांदा भेटतो. स्पिटफायरचे शेपटीचे चाक मोकळे फिरते, ते वैमानिकाच्या ताब्यात नसते; वळण सुरू करायला पूर्ण पेडल आणि ब्रेकचा हलका स्पर्श लागतो, आणि वळण थांबवायला हव्या त्या दिशेच्या बरेच आधी उलटे पेडल द्यावे लागते. हवी ती दिशा आल्यावर पेडल दिले, तर विमान तेवढेच पुढे वळून गेलेले असते. मस्टँगमध्ये सोय वेगळी आहे: स्टिक मागे ओढून धरली असता शेपटीचे चाक रडरबरोबर दोन्ही बाजूंना सहा अंश वळते, आणि स्टिक पुढे ढकलली की ते मोकळे सुटते. मस्टँग वळत नाही अशी तक्रार करणाऱ्याने स्टिक कुठे धरली आहे ते आधी पाहावे.

वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका ठेवावा. विमान हलवण्यापुरती शक्ती द्यावी आणि हलले की लगेच काढून घ्यावी. शक्ती देत राहून ब्रेकने वेग आवरणे ही या विमानांतली सर्वांत महाग सवय आहे, कारण त्यात ब्रेक तापतात, हवेचा दाब संपतो आणि शेपटी हलकी होते. स्टिक पोटाशी ओढलेली असावी. अपवाद एकच: वारा मागून जोरात असेल आणि इंजिन मंद असेल, तर मागे ओढलेल्या स्टिकमुळे वर गेलेला एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) मागच्या वाऱ्याला खालच्या बाजूने सापडतो आणि शेपटी उचलली जाते, अशा वेळी स्टिक पुढे धरावी. वारा समोरून तिरका असेल तर स्टिक वाऱ्याकडे कलती, मागून तिरका असेल तर वाऱ्यापासून दूर कलती ठेवावी.

स्पिटफायर नाकाकडे जड असल्यामुळे वाऱ्याच्या दिवशी आणि उंचसखल मैदानावर जमिनीवरचे कर्मचारी शेपटीवर बसून विमान धावपट्टीपर्यंत नेत असत. फेब्रुवारी 1945 मध्ये इंग्लंडमधील हिबाल्डस्टो येथे मार्गारेट हॉर्टन ही महिला कर्मचारी अशीच शेपटीवर बसली होती, आणि ती उतरण्यापूर्वीच वैमानिकाने उड्डाण केले. शेपटी जड का लागते आहे हे न कळताही त्याने फेरी पूर्ण करून विमान उतरवले आणि ती वाचली. ते विमान, एबी 910, अजूनही ब्रिटिश वायुसेनेच्या स्मृती-पथकात आहे. गोष्ट रंगवून सांगितली जाते. आपल्यासाठी तिच्यातला धडा एवढाच, की शेपटी जमिनीवर ठेवणे हे काम त्या काळी माणूस बसवण्याइतके गंभीर समजले जात होते.

उड्डाण, थोडक्यात

उतरण्याच्या टिपणात उड्डाणाची जागा कमी आहे, पण पाय तयार होतात ते येथेच. मर्लिन इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आणि विमानाला डावीकडे खेचतो, म्हणून उजवे पेडल लागते. शेपटी उचलली जाते त्या क्षणी फिरत्या पंख्याच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे डावीकडे आणखी एक झटका बसतो. म्हणून शेपटी झटक्याने उचलू नये, तिला हळूहळू वर येऊ द्यावे. स्पिटफायरच्या मार्क 14 या आवृत्तीतील ग्रिफन इंजिनाचा पंखा उलट फिरतो आणि विमान उजवीकडे खेचतो. जुन्या सवयीने रडरचा ट्रिम (रडर एका बाजूला धरून ठेवणारी सोय) उजवीकडे लावून मार्क 14 ला पूर्ण शक्ती देणाऱ्याला ते दोन्ही बाजूंनी एकदम फसवते. शक्ती पाच-सहा सेकंदांत सावकाश वाढवावी. मुले ती एका सेकंदात देतात.

हवेत गेल्यावर आणखी एक मौज दिसते. स्पिटफायरमध्ये थ्रॉटल डाव्या हाताला आणि चाके मिटण्याची तरफ उजव्या हाताला आहे, त्यामुळे वैमानिकाला स्टिक डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने चाके मिटावी लागतात. हात बदलताना विमानाने मान हलवली, की वैमानिक नवा आहे हे खाली उभ्या माणसांना कळत असे.

धावपट्टीकडे येताना

चांगल्या उतरणीचा पाया धावपट्टीला समांतर उलट जाताना घातला जातो. तेथेच चाके खाली येऊन अडकल्याची खूण पाहावी, ब्रेकच्या हवेचा दाब पाहावा, पंखा बारीक पिचवर (पात्यांचा कोन कमी करून) घ्यावा आणि स्पिटफायरचे छत उघडावे. विमान उलटलेच तर अडकलेल्या छतातून बाहेर पडता येत नाही, हे त्या उघडण्याचे कारण. त्यानंतर लांब सरळ रेषेत येण्याचा मोह टाळावा. सरळ आले की नाक धावपट्टी झाकते. त्याऐवजी धावपट्टीच्या टोकापर्यंत सतत वळत, तिला नाकाच्या डाव्या बाजूला दिसत ठेवून यावे, आणि अगदी शेवटी पंख समतल करावेत. स्पिटफायरच्या फ्लॅपला, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली येणाऱ्या पट्ट्यांना, दोनच अवस्था आहेत, पूर्ण वर किंवा पूर्ण खाली, त्यामुळे ते उघडले की विमान जणू हवेला टेकून बसते आणि नाक खाली घालावे लागते. हे बदल अंगवळणी पडेपर्यंत ते पुरेशा उंचीवर उघडावेत.

वेगाच्या बाबतीत मन घट्ट ठेवावे. इंजिनाला थोडी शक्ती ठेवून येताना मार्क 5 साठी ताशी 85 मैलांच्या आसपास आणि मार्क 9 साठी त्याहून साधारण 10 मैल अधिक एवढा वेग पुरतो. वेग जास्त असला की विमान टेकायला तयार होत नाही, धावपट्टीवर तरंगत राहते, आणि कंटाळून त्याला खाली ढकलणारा माणूस उसळीला आमंत्रण देतो.

येथे कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचे गणित पाहण्यासारखे आहे. 1939 साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. 35 अंश तापमानाला तेथील हवा इतकी विरळ होते, की वेगदर्शक 85 दाखवत असताना विमान जमिनीवरून खरे पाहता 91 मैल वेगाने जात असते. हे सात टक्के किरकोळ वाटतात. परंतु थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती 15 टक्के अधिक होते, आणि ती सारी ब्रेकना व पायांना झेलावी लागते. जमीन नेहमीपेक्षा वेगाने सरकताना दिसली म्हणून घाबरून वेग कमी करू नये; काटा म्हणतो तेच खरे मानून उडवावे, फक्त थांबायला जागा जास्त लागेल हे गृहीत धरावे.

वाऱ्याचेही तसेच. त्या काळची विमाने बहुधा गवताच्या मोकळ्या मैदानावरून उडत, आणि वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरता येई. आपल्याकडे एकच धावपट्टी, 07 आणि 25 या दिशांची, म्हणजे 70 आणि 250 अंशांची. पावसाळ्यातला पश्चिमेकडचा वारा 25 ला बराचसा समोरून मिळतो, ही आपली सोय. पण वारा 290 अंशांवरून 12 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असेल, तर 40 अंशांच्या फरकामुळे त्यातले पावणेआठ नॉट आडवे लागतात, आणि स्पिटफायरच्या नवशिक्यासाठी एवढे पुष्कळ आहे. वळवाच्या पावसापूर्वीची दुपार तर सिम्युलेटरमध्येही टाळावी. ढग फुटण्याआधी वारा दिशा कशी पालटतो हे शेतात काम केलेल्यांना सांगायला नको.

टेकणे

तिन्ही चाके एकदम टेकवणे ही बहुतेक ब्रिटिश लढाऊ विमानांची रीत. धावपट्टीवर हातभर उंचीला विमान समांतर आणावे, शक्ती पूर्ण काढावी, आणि ते खाली बसू लागेल तसतशी स्टिक मागे घेत जावी, जणू त्याला टेकूच द्यायचे नाही. स्टिक पोटाशी पोहोचते त्या सुमारास ते स्वतःच बसते. त्या क्षणी वेग कमीत कमी असतो, शेपटीचे चाक जमिनीवर असते आणि पंखांत पुन्हा उचलण्याचा जोर उरलेला नसतो. नजर नाकावर न ठेवता दोन्ही बाजूंच्या कडांवर पसरलेली असावी. डावी कड रुंद आणि उजवी अरुंद दिसू लागली, की नाक उजवीकडे गेले आहे.

दुसरी रीत मुख्य चाकांवर, शेपटी वर ठेवून टेकण्याची. आडव्या वाऱ्यात, विशेषतः मस्टँगसारख्या रुंद पायांच्या विमानाला, ती सोयीची पडते, कारण रडरवर वारा चांगला लागतो आणि पुढचे दिसते. स्पिटफायरच्या पंख्याची पाती अशा स्थितीत जमिनीच्या फार जवळ येतात, म्हणून तेथे ही रीत नाजूक हाताने वापरावी. दोन्ही रीतींत एक अट समान आहे: टेकताना विमानाचे तोंड आणि त्याची गती एकाच दिशेला असावी. आडव्या वाऱ्यात वाऱ्याकडचा पंख थोडा खाली आणि उलटे पेडल, अशा रीतीने सरकणे थांबवून मगच टेकावे. गवतावर थोडे तिरके टेकलेले चाक घसरून माफ करते. डांबरावर ते पकड घेते आणि सगळा आडवा भार पायावर टाकतो. जुनी विमाने डांबरावर अधिक त्रास देतात ते यामुळे.

उसळी आली, तर काय करायचे ते आधीच ठरलेले असावे, कारण त्या वेळी विचाराला सवड नसते. हातभर उसळी असेल तर स्टिक आहे तेथेच धरून विमान पुन्हा बसू द्यावे. पुरुषभर उसळी असेल तर सावकाश शक्ती देऊन पुन्हा फेरी मारावी. स्टिक पुढे ढकलून विमान खाली दाबणे हा तिसरा मार्ग सगळ्यांना सुचतो आणि तोच टाळायचा आहे. त्यातून पुढची उसळी मोठी येते आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या उसळीला पंखा जमिनीला लागतो. कॉर्सेअर या अमेरिकी लढाऊ विमानाचे सुरुवातीचे पाय इतके ताठ होते की ते मुद्दाम उसळल्यासारखे वागत, आणि डावा पंख उजव्याच्या आधी गळत असे म्हणून उजव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी पट्टी बसवावी लागली. अशा विमानावर उसळीशी झगडण्यापेक्षा पुन्हा फेरी मारण्यातच शहाणपण असते.

पुन्हा फेरी मारतानाही शक्ती एकदम देऊ नये. कमी वेगात मस्टँगला झटक्याने पूर्ण शक्ती दिली, तर पंख्याच्या प्रतिक्रियेने ते डावीकडे पालथे होऊ लागते आणि त्या वेगात सावरण्याइतका जोर एलेरॉनमध्ये (पंखांच्या टोकांजवळच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्यांत) नसतो. उजवे पेडल आणि शक्ती एकत्र वाढवावी. स्पिटफायरचे फ्लॅप सुरक्षित उंची येईपर्यंत मिटू नयेत, कारण ते अर्धे मिटतच नाहीत. सगळा आधार एकदम जातो आणि विमान खाली बसते.

टेकल्यानंतरचे पंधरा सेकंद

आता ट्रॉली खरोखर मागे ढकलली जाते आहे. टेकताक्षणी वेग असल्यामुळे रडर काम करते. विमान जवळजवळ थांबल्यावर ब्रेक काम करतात. आणि या दोहोंमध्ये एक टप्पा असा येतो, की रडरवर पुरेसा वारा उरलेला नसतो आणि ब्रेक दाबण्याइतका वेग उतरलेला नसतो. बहुतेक गिरक्या या टप्प्यात होतात, नेमक्या तेव्हा, जेव्हा शिकणारा ‘उतरलो’ म्हणून श्वास सोडतो आणि पाय सैल करतो.

पाय सैल न सोडता सतत हलते ठेवावेत, पण लहान हालचालींनी. डावीकडे अर्धा अंश सरकल्यासारखे वाटले, की उजव्या पेडलचा छोटा टोला द्यावा आणि लगेच मधोमध परत यावे. उत्तर मिळेपर्यंत पेडल दाबून धरले, तर ते उत्तर मिळते तेव्हा दुप्पट मिळते आणि गिरकी उलट बाजूला सुरू होते. माझ्या मुलांची सर्वांत मोठी अडचण हीच असते. ते विमान वळण्याची वाट पाहतात. ट्रॉली वळायच्या बेतात असतानाच फिरवायचे, हे त्या चालकांचे म्हणणे मी त्यांना येथे पुन्हा ऐकवतो, आणि पेडल दाबायची वेळ दृश्य सरकल्यावर नसून सरकण्याची सुरुवात जाणवल्यावर असते, हे पंचवीस-तीस उतरणींनंतर त्यांच्या पायांना कळते.

स्टिक या सर्व वेळात पोटाशी असावी, म्हणजे शेपटीचे चाक जमिनीला घट्ट राहते. आडवा वारा असेल तर ती वाऱ्याच्या बाजूला कलती ठेवावी आणि वेग कमी होईल तसा तो कल वाढवत न्यावा. ब्रेक थांबून थांबून, हलके लावावेत. नाक जाऊ लागले आणि रडरने आवरत नाही असे दिसले, तर उलट्या बाजूच्या ब्रेकचा एक स्पर्श द्यावा. तरीही आवरत नसेल तर शक्तीचा छोटा झोत देऊन रडरवर वारा टाकावा. हा शेवटचा उपाय समोर मोकळी जागा असेल तरच करावा. त्यापुढे गेलेली गिरकी थांबवण्याचा हट्ट करू नये. इंजिन बंद करून विमानाला फिरू द्यावे.

वेग पुरता उतरून विमान धावपट्टीबाहेर येईपर्यंत फ्लॅप, ट्रिम, रेडिओ कशालाही हात लावू नये. फ्लॅपऐवजी चाकांची तरफ ओढून थांबत आलेले विमान पोटावर बसवणारे वैमानिक खऱ्या जगातही झाले आहेत.

उजळाईवाडीवर सरावाचा क्रम

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये व्हीएकेपी हे सांकेतिक नाव दिल्यावर आपला विमानतळ उघडतो, आणि ओळखीची जमीन असल्यामुळे उंचीचा अंदाज लवकर येतो. पहिले दोन दिवस उडूच नये. वारा शून्य ठेवून, शेपटी जमिनीवर ठेवून, धावपट्टीच्या मध्यरेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालण्याच्या आणि मग सायकलच्या वेगाने जावे. तिसऱ्या दिवशी शेपटी उचलण्याइतका वेग घ्यावा, शक्ती काढावी आणि न उडता थांबावे. टेकल्यानंतरच्या पंधरा सेकंदांचा हा सर्वांत स्वस्त सराव आहे. त्यानंतर सकाळच्या तापमानात, 250 अंशांवरून 5 नॉट वाऱ्यात उतरावे. मग वारा तेवढाच ठेवून दिशा 270, पुढे 290 करावी, आणि 290 वर दहा उतरणी सलग मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एका पंखाच्या रुंदीत थांबल्या, तरच वाऱ्याचा वेग 8 आणि नंतर 12 नॉट करावा. स्पिटफायरवर येण्यापूर्वी हार्वर्ड या प्रशिक्षण विमानावर आठवडा घालवता आला तर उत्तम. मित्रराष्ट्रांच्या पुष्कळ वैमानिकांना युद्धकाळात लढाऊ विमानाआधी तेच दिले जाई, आणि जमिनीवर लक्ष ढळले की तेही तितक्याच तत्परतेने गिरकी घेते.

प्रत्येक उतरणीनंतर वहीत एक ओळ लिहावी: वारा, टेकतानाचा वेग, आणि नाक पहिल्यांदा कोणत्या बाजूला गेले व तेव्हा आपला कोणता पाय हलला. पहिल्या आठवड्यात या शेवटच्या रकान्यात बहुतेकांना ‘आठवत नाही’ असेच लिहावे लागते. तो रकाना भरता येऊ लागला, की आडवा वारा वाढवायला हरकत नाही.